भिंतीचं पोट, पट्टीची रेघ

भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, नाहीतर तिकडे आळंद. या तालुक्यांतल्या जुन्या घरात लग्नकार्य ठरलं की पहिलं काम निघतं ते फरशीचं. सारवणाची जमीन किंवा झिजलेली शहाबादी उखडून तिथं दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल बसते. जमीन चकाकायला लागते, घरचे खूश होतात, आणि मग शेवटच्या दिवशी टाइलचीच चार इंची पट्टी कापून भिंतीच्या पायथ्याला लावायची वेळ येते. खरी अडचण इथं सुरू होते, कारण पट्टी सरळ आणि भिंत वाकडी. पट्टीची दोन्ही टोकं टेकतात तर मधे बोटभर फट राहते. मधे टेकते तर टोकं अधांतरी. यावर जवळपास सगळीकडे एकच तोडगा निघतो. मागे सिमेंटचा माल भरायचा, दोरी लावून पट्टी सरळ बसवायची आणि वरची फट पांढऱ्या सिमेंटनं बुजवायची. काम उरकतं, लग्नही पार पडतं. दोन पावसाळे गेले की पट्टीच्या बरोबर वर ओलीचा पट्टा उमटतो, रंगाला पोपडे येतात, आणि कुठं बोटानं ठोकून पाहिलं तर पट्टी पोकळ वाजते. दोष मग टाइलला दिला जातो, कधी गवंड्याला, कधी पावसाला. माझ्या मते चूक त्या दोरीची आहे. या भागातल्या दगड-मातीच्या भिंतीला स्कर्टिंग लावायचं तर नमतं घ्यावं ते पट्टीनं. भिंतीचा वाकडेपणा एक तर तिच्या घडणीतला असतो, मग त्याच्या कलानं जावं. नाहीतर तो आजार असतो, मग तो उघडा ठेवून त्यावर इलाज करावा. सिमेंट कोंबून सरळ रेघ काढली तर यातलं एकही साधत नाही.

या भिंती अशा का, हे आधी पाहायला हवं. बीदर शहर जांभ्याच्या पठारावर वसलं आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हत्यारानं सहज तासता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. त्याच्या अंगावर छिद्रं असतात, कडा धारदार निघत नाहीत, एका मापाचे दोन चिरे मिळणं मुश्किल. पठार उतरून भालकी-औरादकडे किंवा आळंदकडे गेलं की काळी माती आणि काळा पाषाण. तो इतका कठीण की चारही बाजूंनी घडवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून दर्शनी तोंड तेवढं बरं केलेलं आणि आत मिळेल तो दगड मातीत बसवलेला. आणखी दक्षिणेला भीमेच्या खोऱ्यात शहाबाद, चित्तापूर, सेडमच्या बाजूला थराथरांनी सुटणारा चुनखडक लागतो. मुंबई-पुण्याच्या चाळींत आणि वाड्यांत ज्यावर मराठी माणसांच्या पिढ्या वावरल्या ती शहाबादी इथली. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८७१ साली वाडीवरून रायचूरला पोचल्यावर या जड मालाला दूरची बाजारपेठ मोकळी झाली. खुद्द खाणींच्या गावांत मात्र याच दगडाचे तुकडे एकावर एक आडवे रचून भिंती उभ्या केल्या आहेत. थर सपाट, पण तोंडं पुढंमागं. दगड तीन तऱ्हांचे, भिंतीही तीन तऱ्हांच्या. पण यातल्या कुठल्याच भिंतीकडून सपाट पृष्ठभागाची अपेक्षा मुळात नव्हती. पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा गिलावा दगडाच्या अंगाअंगानं थापीनं दिला जाई. वर चुन्याची सफेदी, तळाशी कावेचा पट्टा. सारवणाचे शिंतोडे आणि केरसुणीचे फटकारे दिसू नयेत, एवढंच त्या पट्ट्याचं काम. खरं तर तो या घरांचं स्कर्टिंगच होता. त्याला जाडी नव्हती, म्हणून भिंतीशी त्याचं भांडणही नव्हतं. भांडण सुरू झालं ते पट्टीला जाडी आणि ताठपणा आल्यावर.

भिंत वाकडी आहे असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि स्कर्टिंगला त्या सारख्याच नडत नाहीत. पहिली, भिंत ओळंब्यात नसणं, म्हणजे वरून खाली झुकलेली असणं. दुसरी, दोरीत नसणं, म्हणजे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाताना पोट किंवा खळगा असणं. तिसरी, अंगच खडबडीत असणं, एखादा दगड अर्धा इंच पुढं आलेला असणं. गवंडी आल्या आल्या ओळंबा सोडतो आणि भिंत इंचभर बाहेर आहे असं सांगून घरच्यांना घाबरवतो. आता साधा हिशेब करून पाहा. दहा फूट उंचीत एक इंच झुकाव असेल तर चार इंची पट्टीच्या वाट्याला त्यातला किती येतो? इंचाचा तिसावा हिस्सा, म्हणजे एक मिलिमीटरहून कमी. हा झुकाव कपाट बसवताना नडेल, दाराच्या चौकटीला नडेल, पण पट्टीला अजिबात नाही. म्हणजे स्कर्टिंगसाठी ओळंब्याचं माप जवळपास निरुपयोगी ठरतं. पायथ्यापासून दोन-तीन इंचांवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी दोरी ताणून दर फुटाला फट मोजावी आणि ते आकडे भिंतीवरच खडूनं लिहावेत. पंधरा मिनिटांचं काम आहे. ते केलं की वाकडेपणा कुठं हळूहळू वळणारा आहे आणि कुठं एखाद्याच दगडाची आगळीक आहे, हे लगेच कळतं.

हळूहळू वळणाऱ्या पोटाचं गणित तर याहून दिलासा देणारं आहे. समजा दहा फूट लांब भिंतीला मधोमध इंचभर पोट आहे. दहा फुटांची अखंड पट्टी लावायची ठरवली तर इंचभर फट आलीच. पण वळणावर टेकवलेल्या सरळ तुकड्याची लांबी निम्मी केली की मागची फट निम्मी होत नाही, ती पावपट होते. पाच फुटांच्या तुकड्यामागे पाव इंच, अडीच फुटांच्या मागे अर्धा सूत. टाइलमधून कापलेली पट्टी मुळात दोन फुटांचीच असते. तिच्यामागे राहील इंचाचा पंचविसावा भाग, जेमतेम एक मिलिमीटर. फूटभराचे तुकडे केले तर पाव मिलिमीटर. दोन तुकडे मिळतात तिथला कोन एका अंशाहूनही कमी असतो, तो डोळ्याला दिसतच नाही. काहींना शंका येते की भिंतीच्या वळणानं गेलं तर पट्टीचे सांधे जमिनीवरच्या टाइलच्या सांध्यांपासून सरकत जातील. तीही निराधार आहे. दहा फुटांच्या या भिंतीत सरळ रेघ आणि वळणदार रेघ यांच्या लांबीतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतो. थोडक्यात, दोन फुटांच्या पट्टीला इंचभर पोटाची भिंत फारशी वाकडी नसतेच. वाकडी ठरते ती दोरीमुळे. उरतो तिसऱ्या तऱ्हेचा वाकडेपणा, पुढं आलेला दगड. त्याच्या अंगावर गिलाव्याचे जुने थर असतील तर ते खरवडून काढावेत, जांभा असेल तर हलक्या हातानं तासावा. काळा पाषाण असेल तर त्याच्या नादी न लागता तेवढ्या जागी पट्टीची पाठ ग्राइंडरनं उतरवावी.

सरकारी कागदातही हा प्रश्न वेगळ्या मार्गानं आला आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत पायऱ्यांची उभी बाजू, स्कर्टिंग आणि डॅडो यांसाठी कोटा दगडाची नोंद आहे. दगड २० मिलिमीटर जाड, आणि त्यामागे एकास तीन सिमेंट-वाळूचा थर १२ मिलिमीटर, तोही सरासरी. सरासरी बारा म्हटलं की कुठं सहा आणि कुठं अठरा आलेच. ही सवलत वाजवी आहे, कारण दरसूची ज्या भिंती गृहीत धरते त्या विटांच्या असतात आणि त्यांच्यातला फरक एवढ्यात सामावतो. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंतीला तेच प्रमाण लावलं की कुठं पाव इंच तर कुठं दीड इंच माल पडतो. सिमेंटचा माल वाळताना आक्रसतो. जिथं तो जाड असतो तिथं जास्त आक्रसतो आणि पट्टीच्या पाठीपासून सुटतो. पोकळ आवाज येतो तो इथूनच. शिवाय मागं दगड थोडा आणि माती जास्त असेल, तर सिमेंट मातीला धरत नाही. ते स्वतःच्या वजनानं मातीचा पापुद्रा घेऊन खाली येतं. अलीकडे माल सोडून टाइल चिकटवण्याचा ॲडहेसिव्ह वापरायची पद्धत आली आहे, पण तो पातळ थरासाठी बनवलेला असतो. त्याला इंचभर फट भरायला लावणं म्हणजे महागड्या वस्तूचा गैरवापर. उलट पट्टी भिंतीसोबत गेली, तर हाच पातळ थर पुरेसा होतो.

आता ओल. जुन्या घरांच्या जोत्याला ओल रोखणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत थोडं वर चढतंच. माती आणि चुना यांचा गिलावा ते पाणी बाहेर सोडतो; भिंत खालच्या फूट-दीड फुटात ओली होते आणि तिथंच वाळते. त्या जागी चार इंच उंचीची, पाणी न शोषणारी टाइल लावली, तिच्यामागे सिमेंट ठासलं, वर ऑइलपेंट मारला, की पाण्याचा बाहेर पडायचा रस्ता बंद होतो. पाणी थांबत मात्र नाही, ते आणखी वर चढून पट्टी संपते तिथं बाहेर पडतं. सोबत आलेले क्षार तिथं साचतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा आतून फोडतात. पट्टीच्या वर दिसणारा खाराचा पट्टा म्हणजे हीच क्रिया. यावर लोक काय करतात? चार इंची पट्टी काढून फूटभर उंचीची लावतात. खार फूटभर वर जातो. काही घरांत हा पाठलाग खिडकीच्या पाटापर्यंत गेलेला दिसतो. चार इंचांची पट्टी टाइलची असली तर घरावर संकट कोसळतं असं मी म्हणत नाही. चार इंच झाकले गेल्यानं भिंत मरत नाही. पण मागचा थर पातळ असावा, शक्य तिथं चुन्याचा असावा, आणि वरची फूटभर जागा ऑइलपेंटपासून मोकळी राहावी, एवढं पथ्य पाळायला हवं. जाड सिमेंट हे पथ्य मोडतं, आणि जाड सिमेंट येतं सरळ रेघेच्या हट्टातून.

ओलीपेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्याचे हादरे बीदर-कलबुर्गीलाही बसले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं गेली, त्याची कारणं तज्ज्ञांनी नंतर तपासली, आणि त्यांत भिंतींची रचना हे मोठं कारण निघालं. आतून एक आणि बाहेरून एक अशा दगडाच्या दोन पापुद्र्यांची जाड भिंत, मधे माती आणि बारीक दगड, दोन्ही पापुद्र्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचं ओझं. हादरा बसला तसे दोन्ही पापुद्रे सुटले, आतला आत आणि बाहेरचा बाहेर पडला. पुनर्वसनाच्या काळात उरलेल्या घरांच्या भिंतींना ठरावीक अंतरावर भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट घालण्याची शिफारस झाली ती याचसाठी. हे महाराष्ट्रातलं प्रकरण, आपल्याला काय, असं सीमेच्या या कर्नाटकी बाजूला म्हणता येणार नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेनं जिल्हा विभागला, पण गवंडी, दगड आणि माळवद दोन्हीकडे तेच राहिले.

त्या पापुद्र्यांचं सुटणं एका पहाटेत सुरू होत नाही. माळवदातून पाणी झिरपतं, मधली माती फुगते, वाहून जाते, आणि वर्षानुवर्षं भिंतीला पोट येत राहतं. म्हणून पोट दिसलं की पहिला प्रश्न पट्टी कशी बसवायची हा नसावा. भिंत नुसती वळली आहे की सुटली आहे, हा असावा. हे ओळखण्याचा एक साधा मार्ग आहे. आतून पोट असलेल्या जागी बाहेरून खळगा असेल, तर सगळी भिंत एकत्र वळलेली आहे, बहुतेक बांधतानाच. आतूनही पोट आणि बाहेरूनही पोट असेल, दारा-खिडकीजवळ मोजलेल्या जाडीपेक्षा तिथली जाडी वाढलेली असेल, तर दोन पापुद्र्यांमध्ये अंतर पडलं आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहून ठेवायची जुनी पद्धतही उपयोगी आहे. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. अशा भिंतीपुढं दोरी ताणून, मागं सिमेंट भरून सरळ रेघ काढली, की पोट वाढतंय हे सांगणारी खूण आपणच पुसून टाकतो. भिंतीच्या कलानं लावलेली पट्टी ही खूण शाबूत ठेवते. पोट वाढलं तर सांधे उघडतात, एखादी पट्टी सुटते, आणि घरच्यांच्या ते ध्यानात येतं.

याच कारणानं अलीकडची एक फॅशन मला धोक्याची वाटते. पट्टी भिंतीच्या पुढं येऊ नये, गिलाव्याच्या अंगासरशी बसावी, अशी मागणी आता तालुक्याच्या गावांतही होते. मोबाइलवर पाहिलेल्या फ्लॅटमध्ये तसं असतं ना! फ्लॅटमधली भिंत ब्लॉकची, सांगाड्यात भरलेली. तिच्यावर इमारतीचा भार नसतो. माळवदाच्या घरात सगळा भार भिंतीवर असतो, आणि पट्टी आत घालायची म्हणजे त्याच भिंतीच्या पायथ्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खाच मारायची. ब्रेकरच्या धक्क्यानं मातीत बसवलेले दगड सैल होतात, आणि तेही सगळ्यात जास्त भार असलेल्या ठिकाणी. गिलावा पुरेसा जाड असेल तर निव्वळ गिलाव्यात पट्टी मुरवता येईल हे खरं. पण दगडाला हात लागणार असेल, तर पट्टी पुढं आलेली बरी.

यावर सगळ्यात रास्त आक्षेप दिसण्याचा आहे. जमिनीवर दोन फुटी चौकटींची काटेकोर जाळी असताना तिच्या कडेनं पट्टी नागमोडी गेली तर डोळ्याला खुपणार नाही का? खुपेल. पण सरळ पट्टीनंही काहीतरी खुपणारच आहे, आणि ते कुठं खुपतं हे नीट पाहायला हवं. पट्टी सरळ बसवली की तिच्या डोक्यावरची कड कुठं पाव इंच तर कुठं दीड इंच रुंद होते. ट्यूबलाइटचा उजेड वरून येतो, धूळही वरूनच बसते, आणि ती पाचरीसारखी कड दारातून आत येताक्षणी दिसते. पट्टी भिंतीसोबत नेली तर वरची कड सगळीकडे सारखी राहते आणि वाकडेपणा खाली जातो, पट्टी आणि टाइल यांच्या सांध्यावर. तिथं त्याला झाकायचे मार्ग आहेत. जाळी भिंतीला समांतर न घेता तिरकी घातली, तर कडेच्या सगळ्याच टाइल तिरक्या कापाव्या लागतात आणि इंचभराचा फरक त्यात हरवून जातो. तेवढा खर्च नको असेल तर कडेला वीतभर रुंदीचा गडद पट्टा घ्यावा. त्याची आतली बाजू दोरीत आणि बाहेरची भिंतीच्या कलानं. वीतभरात इंच कमी-जास्त झाल्याचं कुणी मोजायला जात नाही, आणि पलंग, कपाट, धान्याच्या कोठ्या याच पट्ट्यावर उभ्या राहतात.

खुद्द बीदरमध्ये याला जुना दाखला आहे. किल्ल्यातला रंगीन महाल अली बरीदशहानं, म्हणजे १५४२ ते १५८० च्या दरम्यान, नव्यानं सजवला. तिथं भिंतींच्या खालच्या भागात रंगीत टाइलकाम आहे आणि काळ्या दगडात शिंपल्याच्या तुकड्यांची जडवणूक आहे. कारागिरांनी भिंत काचेसारखी सपाट करायचा नाद धरला नाही. तुकडे लहान ठेवले, आणि भिंतीतला फरक सांध्यांमध्ये वाटून टाकला. त्या काळच्या दरबाराला सरळपणाची आवड कमी होती असं कुणी म्हणणार नाही. अर्थात टाइल लहान तुकड्यांत लावली की अमर होते असाही अर्थ काढू नये. १४७२ साली महमूद गवाननं बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भागावरची बरीचशी टाइल गेली आहे. ऊनपावसानं आपलं काम केलंच, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीच्या स्फोटात इमारतीचा मोठा भागही ढासळला. या दाखल्याचा उपयोग एवढ्याचपुरता की वळणाऱ्या पृष्ठभागाला लहान तुकडे हे उत्तर इथल्या कारागिरीला नवं नाही.

दुसरा आक्षेप लाकडाचा. विलायतेत पट्टी लाकडाची असते, सुतार ती भिंतीच्या आणि जमिनीच्या रेषेप्रमाणे आखून रंध्यानं उतरवतो, उरलेली फट लवचीक लांबीनं भरतो. मग आपण दगड आणि टाइल घेऊन का बसायचं? ती पद्धत हुशारीची आहे, आणि पातळ पट्टी वाकते हा त्यातला मुद्दा खरा आहे. जाडी निम्मी केली की ताठपणा आठपट कमी होतो, म्हणून पीव्हीसीची पातळ पट्टी वळणावर सहज बसते. पण तिथली जमीन आपण धुतो तशी धुतली जात नाही. आपल्याकडे सणाला बादलीनं पाणी ओतून घर धुतात आणि रोजचा ओला पोछा पट्टीला घासूनच जातो. एमडीएफ महिन्याभरात फुगतो. साध्या लाकडाला वाळवी लागते, आणि तिला पट्टीमागची अंधारी फट म्हणजे आयतं घर. पीव्हीसी या दोन्हीतून सुटतं, पण सारखं पाणी जाऊन तिची गोंदपट्टी सुटते आणि मागं झुरळं होतात. पाणी ओतून धुणाऱ्या घराला दगड किंवा टाइल हेच बरं. माझ्या पसंतीचं विचाराल तर शहाबादीच. फूट-दीड फुटाच्या तुकड्यांत चार इंची पट्ट्या, जवळच्याच खाणीतल्या, वरची कड घासून गोल केलेली. जाडी थोडी कमी-जास्त असतेच, त्यामुळे ती भिंतीच्या खडबडीतपणाला सांभाळून घेते, आणि व्हिट्रिफाइडच्या शेजारी तिचा निळसर राखाडी रंग पट्टा म्हणूनच दिसतो, वाकडी टाइल म्हणून नाही. दोष एकच, आम्लाचा. चुनखडक असल्यानं लिंबू, चिंच आणि संडास धुण्याचं ॲसिड यांनी तिच्यावर डाग पडतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीत म्हणून टाइलच बरी.

चुना मिळतो कुठं आणि वाळायला थांबतो कोण, हा तिसरा आक्षेप. तो व्यवहाराचा असल्यानं त्याला व्यवहारानंच उत्तर द्यायला हवं. शहाबाद, वाडी, मळखेड, सेडम हा सगळा पट्टा सिमेंटच्या कारखान्यांचा. इथं सिमेंट मिळणं सोपं आणि चुन्याचा गवंडी मिळणं कठीण, ही वस्तुस्थिती आहे. चुनखडक साधारण नऊशे अंशांना भाजला की कळीचा चुना होतो. चिकणमातीसोबत साडेचौदाशेच्या आसपास भाजला की सिमेंटचा क्लिंकर होतो. खरेदी वाढली दुसऱ्याची, आणि पहिल्याच्या घाण्या बंद पडल्या. म्हणून निव्वळ चुन्याचा हट्ट मी धरणार नाही. चुना मिसळलेला कमी सिमेंटचा माल, जाडी कुठंही अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही, आणि मातीचा भाग ओला करून, सैल माती झाडून मग लावलेला, एवढं कोणताही गवंडी आज करू शकतो. थर पातळ असला की वाळायलाही फार थांबावं लागत नाही. दोरीचा हट्ट सुटला तरच थर पातळ ठेवता येतो, हे मात्र खरं.

काळ्या मातीच्या गावांत एक गोष्ट आणखी पाहावी लागते, ती म्हणजे जमीन स्वतःच हलते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर भेगा पडतात. जोत्यातली भर नीट दाबलेली नसेल तर घराची फरशी वर्षा-दोन वर्षांत अर्धा इंच खचते. भिंत मात्र जुन्या पायावर, तिथल्या तिथं. पट्टी भिंतीलाही घट्ट आणि जमिनीलाही घट्ट बसवली तर तिला दोघांपैकी एकाला सोडावंच लागतं, आणि ती बहुधा मधोमध तडकते. म्हणून क्रम पाळायचा. आधी फरशी, ती भिंतीपासून दोन सूत अलीकडे थांबवायची, मग तिच्यावर पट्टी, भिंतीला चिकटलेली पण फरशीवर नुसती टेकलेली. खालच्या सांध्यात सिमेंट न भरता लवचीक सीलंट भरायचं; ते मिळत नसेल तर चुन्याची लांबी, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा भरायची तयारी ठेवून. फरशी खचली तर खाली काळी रेघ दिसेल, ती बुजवता येते. पट्टी तडकली तर बदलावी लागते, आणि त्याच रंगाची टाइल तोवर बाजारातून गेलेली असते, हा अनुभव कुणाला नाही?

सगळं कळूनही काम जुन्याच पद्धतीनं होतं, त्याचं कारण मजुरीच्या हिशेबात आहे. स्कर्टिंगची मजुरी रनिंग फुटावर ठरते. दोन फुटांच्या पट्टीचे दोन तुकडे करून, प्रत्येकाची पाठ तपासून लावणाऱ्या गवंड्याला फुटाला तेवढेच पैसे मिळतात जेवढे दोरी लावून, माल ठासून पुढं सरकणाऱ्याला. वेळ दुप्पट लागतो. शिवाय काम संपल्यावर घरमालक दारात उभा राहून एका डोळ्यानं रेघ पाहतो, भिंत पाहत नाही. अशा हिशेबात दोरी सोडण्याचा शहाणपणा गवंड्यानं स्वतःच्या खिशातून का दाखवावा? उदगीरचा गवंडी भालकीला येवो की भालकीचा उदगीरला जावो, दर आणि पद्धत तीच. पट्टी भिंतीसोबत जावी असं ज्याला वाटतं त्यानं ते पहिल्याच दिवशी ठरवावं: खरवडणं आणि मोजमाप यांची वेगळी रोजंदारी, फुटाऐवजी तुकड्यावर मजुरी, माल कुठंही अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, आणि दगडात खाच मारायची नाही. आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे पोट असलेली भिंत सापडली, तर पट्टीचं काम तिथंच थांबवून आधी माळवदाची गळती पाहावी, मग अनुभवी इंजिनिअरला बोलवावं. त्या भिंतीची टाइल आणली असेल तर ती खोक्यातच राहू द्यावी.